सूर्यदुर्बिणीची पारख

रात्रीच्या आकाशाचा वेध घेणाऱ्या दुर्बिणीचे सारे आयुष्य प्रकाशाच्या टंचाईत जाते. दूरच्या ताऱ्याकडून येणारा किरण अन् किरण गोळा करावा, त्यांतला एकही वाया जाऊ देऊ नये, या एकाच चिंतेने तिचा कारागीर तिचे भिंग मोठे करीत जातो आणि भिंगाच्या मोठेपणावरूनच जग तिची किंमत ठरवते. सूर्याकडे रोखलेल्या दुर्बिणीचा प्रपंच याहून अगदी निराळा. तिला प्रकाशाची ददात कधीच नसते. उलट जो प्रकाश तिला हवा असतो तोच आपल्यासोबत उष्णता घेऊन येतो, आणि ती उष्णता आरशाचा घाट बिघडवते, नळीतील हवा ढवळते, घुमट आणि सभोवारची जमीन तापवते व अखेरीस ज्या प्रतिमेसाठी हा सारा खटाटोप करावयाचा तिलाच थरथरावयास लावते. ६० सेंटिमीटर व्यासाच्या आरशावर स्वच्छ आकाशातील माध्यान्हीच्या सूर्याची सुमारे पाव किलोवॅट उष्णता सतत पडत असते, एवढे सांगितले म्हणजे या यंत्राला कोणत्या परीक्षेला रोज उतरावे लागते याची कल्पना येईल. म्हणून सूर्यदुर्बिणीची योग्यता तिच्यावर कोरलेल्या कारखान्याच्या नावावरून किंवा तिच्या भिंगाच्या व्यासावरून ठरवता येत नाही. तिच्या खोडी ज्यांनी वर्षानुवर्षे ओळखल्या, त्या यंत्राच्या कोणत्या भागातून उद्भवतात याचा शोध घेतला आणि तो सारा तपशील इमानाने दप्तरी नोंदून ठेवला, त्यांच्या साक्षीवरूनच ती ठरवावी लागते. हिंदुस्थानातील सूर्यवेधाचा इतिहास, ज्याचा एक अध्याय पुण्यात आणि महाराष्ट्राच्या माळरानावर घडला, या विधानाला भरपूर आधार देतो.

परंतु त्या इतिहासाकडे वळण्यापूर्वी युरोपातील एका जुन्या वादाची हकीकत सांगणे अवश्य आहे. १८६० च्या आसपास जेम्स नॅस्मिथ या नामांकित स्कॉटिश यंत्रशास्त्रज्ञाने असे प्रतिपादन केले, की सूर्याचा तेजस्वी पृष्ठभाग वाळुंजाच्या पानांच्या आकाराच्या, एकमेकांत गुंतलेल्या असंख्य दीप्तिमान पदार्थांचा बनलेला आहे. तीक्ष्ण दृष्टीबद्दल ख्यातनाम असलेले विल्यम डॉज यांनी ते साफ नाकारले. त्यांना दिसत होते ते निश्चित आकार नसलेले कण, आणि इतर काही निरीक्षकांना तांदळाचे दाणे. सारे विद्वान, सारे प्रामाणिक, आणि सारे एकाच सूर्याकडे पाहणारे. तरीही जे दिसते त्यातले सूर्याचे किती, भिंगाचे किती, हवेचे किती आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याचे किती, याचा निवाडा करण्याची रीत तेव्हा कोणापाशीच नव्हती.

तो निवाडा करण्याची वाट छायाचित्रणाने मोकळी केली. १८६८ च्या खग्रास ग्रहणासाठी आंध्रातील गुंटूर येथे येऊन गेलेले फ्रेंच ज्योतिर्विद पिएर जान्सेन यांनी पॅरिसजवळच्या म्यूदाँ वेधशाळेत पुढील दशकात अवघ्या तेरा-चौदा सेंटिमीटरांच्या भिंगाने, सेकंदाच्या अत्यल्प अंशात, सूर्याची जी छायाचित्रे घेतली त्यांत पृष्ठभागावरील कण इतके स्पष्ट उमटले, की नॅस्मिथची पाने कायमची गळून पडली. मात्र त्याच काचपट्ट्यांवर आणखी एक गोष्ट दिसत होती. काही भागांत कण रेखीव, तर लगतच्या भागांत ते फिसकटलेले, आणि या दोहोंचे मिळून सूर्यबिंबावर एक जाळे पसरल्यासारखे भासे. जान्सेन यांनी ते जाळे सूर्याचेच मानले व त्याला नावही दिले. ते सूर्याचे नव्हते. ते दुर्बिणीतील आणि तिच्या लगतच्या तापलेल्या हवेचे होते. येथे पारख करण्याची एक कसोटी हाती येते, जी आजतागायत बदललेली नाही: काही क्षणांच्या अंतराने दोन चित्रे घ्यावीत, दोन्हींत जे त्याच ठिकाणी टिकून राहते ते सूर्याचे, आणि जे जागा बदलते ते हवेचे. सूर्यावरील कण काही मिनिटे तग धरतात, हवेचा तरंग मात्र निमिषात निघून जातो. जान्सेनसारखा सिद्धहस्त निरीक्षक जेथे फसला तेथे इतरांनी किती सावध राहावयास हवे, हे निराळे सांगावयास नको.

आपल्या देशात सूर्याचे रोज चित्र घ्यावे असे सरकारच्या मनात आले ते शास्त्राच्या निखळ प्रेमापोटी नव्हे; दुष्काळाच्या धसक्यापोटी. १८७६ ते १८७८ या काळात मद्रास इलाख्यात आणि आपल्या दख्खनेत जो भीषण दुष्काळ पडला, त्यानंतर पर्जन्याचा आगाऊ अंदाज बांधण्याचे साधन शोधणे ही राज्यकर्त्यांची निकड झाली. सूर्यावरील डागांची संख्या सुमारे अकरा वर्षांच्या आवर्तनाने वाढते व घटते, आणि पावसाचे चक्रही तिच्याशी जोडलेले असावे, असा युक्तिवाद नॉर्मन लॉक्यर आणि विल्यम हंटर यांनी १८७७ मध्ये एका लेखात केला. १८७८ पासून डेहराडून येथे सर्वेक्षण खात्याच्या देखरेखीखाली सूर्याची दैनंदिन छायाचित्रे घेण्यास आरंभ झाला. पावसाचा तो सरळ हिशेब पुढे जुळला नाही. पण त्या आशेने जी यंत्रे उभी राहिली आणि जो शिरस्ता पडला त्याचे ऋण शास्त्रावर कायम राहिले.

याच सुमारास पुण्याचा संबंध येतो. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजला भेट दिली असता पाच हजार रुपयांची देणगी दिली, आणि मुंबई सरकारने तितकीच रक्कम आपल्या तिजोरीतून मंजूर केली. वर्णपटशास्त्राची प्रयोगशाळा उभारावी असा मूळ बेत होता. परंतु ज्यांच्याकडे ते काम आले ते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला विलायतेस जाऊन तेथील जाणकारांशी मसलत करून आले, तेव्हा प्रयोगशाळेच्या तजविजीचे रूपांतर वेधशाळेत झाले. त्यांची बदली पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाल्यामुळे वेधशाळाही पुण्यास आली आणि १८८८ मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा या नावाने सिद्ध झाली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून आलेली २० इंची परावर्ती दुर्बीण ही त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. मद्रासच्या जुन्या सरकारी वेधशाळेचे प्रमुख नॉर्मन पॉग्सन अशाच आकाराच्या दुर्बिणीसाठी सरकारदरबारी खेटे घालीत राहिले आणि त्यांना ती मिळाली नाही. पुण्याला ती एका संस्थानिकाच्या औदार्यामुळे आणि एका पारशी प्राध्यापकाच्या चिकाटीमुळे मिळाली.

नायगमवाला यांच्यापाशी यंत्रे उत्तम होती, मनुष्यबळ नव्हते. अध्यापनाचा भार सांभाळून एकट्याने चालवलेली ती वेधशाळा, आणि भोवती पुण्याचे आकाश, जे जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढगांच्या स्वाधीन असते. अशा परिस्थितीत त्यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या वर्णपटाचे जे काम १८९१ मध्ये प्रसिद्ध केले, त्यामागे वर्णपटदर्शकाची पारख करण्याची त्यांची हातोटी दिसते, कारण त्या तेजोमेघातील मुख्य रेषा रेखीव आहे की एका बाजूला पसरलेली, हाच त्या वेळचा जळता प्रश्न होता. रेषा पसरट दिसली तर ती तेजोमेघामुळे की फट रुंद ठेवल्यामुळे, याचा उलगडा यंत्र जाणणाराच करू शकतो.

त्यांच्या खऱ्या कसोटीचा दिवस २२ जानेवारी १८९८. त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कोकणच्या किनाऱ्यावरून शिरून सोलापूर जिल्ह्यातून, वऱ्हाडातून आणि पुढे ईशान्येकडे गेला. पुण्यात प्लेगने घरे ओस पाडली होती, तरी नायगमवाला यांनी आपली यंत्रे करमाळा तालुक्यातील जेऊर येथे नेऊन छावणी टाकली. त्याच गावी अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल हे ४० फूट नाभ्यंतराचा अजस्र कॅमेरा घेऊन आले होते. विजयदुर्गच्या किल्ल्यात लॉक्यर होते आणि त्यांच्या मदतीस आरमारी नौकेवरील खलाशी होते. वऱ्हाडातील तळणी येथे ब्रिटिश ज्योतिर्मंडळाच्या तुकडीत जॉन एव्हरशेड नावाचे एक हौशी निरीक्षक होते, ज्यांचे नाव या लेखात पुढे मोठ्या मानाने यावयाचे आहे.

ग्रहणकाळी दुर्बिणीची जी परीक्षा होते तिच्यात रंगीत तालीम नसते. खग्रास अवस्था जेऊरला सुमारे दोन मिनिटे टिकली; तेवढ्या अवधीत भिंग नाभीवर नसले, घड्याळयंत्र अडखळले किंवा काचपट्टीची चौकट अडकली, तर दुरुस्तीची संधी पुढच्या ग्रहणापर्यंत नाही. म्हणून आधीच्या रात्री ताऱ्यांवर नाभी साधायची, दिवसा सूर्यावर तीच तपासायची आणि रात्रीच्या थंडीत व दुपारच्या उन्हात तीत किती फरक पडतो तो टिपून ठेवायचा, असा त्या छावण्यांचा दिनक्रम असे. जानेवारीतील दख्खनच्या पठारावर पहाटेच्या आणि दुपारच्या तपमानात जी तफावत असते ती ध्यानी घेता, ही दक्षता हा काही उपचार नव्हता. नायगमवाला यांचा जेऊरच्या ग्रहणावरील सविस्तर अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

विजयदुर्गाबद्दल येथे थोडे अवांतर लिहिणे भाग आहे. तेथील ओट्यांना लोक साहेबाचा कट्टा म्हणतात आणि हेलियमचा शोध याच ठिकाणी लागला असे आपल्याकडे अनेकदा लिहिले जाते. हेलियमची खूण ठरलेली सूर्याच्या वर्णपटातील ती अपरिचित पिवळी रेषा १८६८ ची. त्या वर्षीचे ग्रहण जान्सेन यांनी गुंटूरला पाहिले, आणि लॉक्यर तेव्हा इंग्लंडात होते, जेथे त्यांनी ग्रहणाशिवाय सूर्यज्वालांचा वर्णपट पाहण्याची रीत ऑक्टोबरमध्ये यशस्वी केली. विजयदुर्गचा कट्टा त्यानंतर तीस वर्षांनी झालेल्या ग्रहणाचा आहे. या किल्ल्याला त्याचा स्वतःचा इतिहास इतका थोर आहे, की त्याला उसन्या कीर्तीची गरज नाही. १८९८ च्या मोहिमेची स्मृती तेवढी अस्सल आहे आणि तीच जपावी.

सूर्याचे कायमचे निरीक्षण मात्र दक्षिणेच्या डोंगरावर स्थिरावले. मद्रासचे प्राध्यापक चार्ल्स मिची स्मिथ यांनी १८८३ पासून पुढे निलगिरी व पळणी या पर्वतांवर योग्य जागेचा शोध घेतला आणि अखेर २,३४३ मीटर उंचीवरील कोडाईकनालची निवड झाली. पायाभरणी १८९५ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांच्या हस्ते झाली. १८९९ मध्ये मद्रासच्या वेधशाळेचा कारभार हिंदुस्थान सरकारच्या हवामान खात्याकडे सुपूर्द होऊन नव्या वेधशाळेचा अंमल सुरू झाला. उंची निवडण्याचे कारण उघड आहे. धूळ आणि धुके खाली राहते, आकाशाची निळाई सूर्यबिंबाच्या काठापर्यंत गडद राहते. पण प्रतिमेची स्थिरता ही निराळी बाब आहे, आणि डोंगरमाथ्यावर ती सूर्योदयानंतरच्या पहिल्या एकदोन तासांतच लाभते. एकदा उतार तापले आणि खालची हवा दरीतून वर चढू लागली, की बिंबाचा काठ उकळत्या दुधासारखा हेलकावू लागतो.

ही गोष्ट कोडाईकनालच्या कारभाऱ्यांनी झाकून ठेवली नाही, याचे मला फार अप्रूप वाटते. तेथील वार्षिक अहवालांत सूर्याच्या प्रतिमेच्या रेखीवपणाला एकपासून पाचपर्यंत गुण देण्याची चाल होती. एक म्हणजे अगदी वाईट, पाच म्हणजे सर्वोत्तम. असा अंदाज डोळ्यांनी घेतलेला, माणसागणिक किंचित बदलणारा, म्हणून आजच्या मापकांना तो ओबडधोबड वाटेल. तथापि जी संस्था आपल्या यंत्रापुढच्या हवेला स्वतःच रोज गुण देते आणि ते छापते, तिच्या काचपट्ट्यांवर विश्वास ठेवण्यास तिने आपल्याला आधार दिला आहे. कोणत्या दिवसाची पट्टी बारकाईने मोजण्यायोग्य आणि कोणत्या दिवसाची नुसती डागांची गणती करण्यापुरती, हे शंभर वर्षांनंतर सांगता येते ते अशा नोंदींमुळे.

कोडाईकनालच्या यंत्रसंभारातील सर्वांत नामांकित यंत्र म्हणजे केंब्रिजहून आलेले, १९०४ पासून चालू झालेले स्पेक्ट्रोहेलिओग्राफ. सूर्याचे चित्र केवळ एका रंगाच्या, म्हणजे वर्णपटातील एकाच रेषेच्या, प्रकाशात घेणे हे त्याचे काम. येथे ती रेषा कॅल्शियमची, जांभळ्या टोकाची, ३,९३४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची. सूर्याची प्रतिमा एका अरुंद फटीवर पडते. फटीतून आत गेलेल्या प्रकाशाचा लोलक वर्णपट करतात. त्या वर्णपटातील नेमकी हवी ती रेषा दुसऱ्या फटीतून बाहेर काढली जाते आणि मागच्या काचपट्टीवर उमटते. मग सूर्याची प्रतिमा पहिल्या फटीवरून आणि काचपट्टी दुसऱ्या फटीमागून एकाच गतीने सरकवली, म्हणजे पट्टीपट्टीने सारे बिंब तयार होते. वाचताना हे सोपे वाटते. प्रत्यक्षात या यंत्राची एकेक खोड चित्रावर आपली निशाणी उमटवून जाते, आणि ती ओळखणे ही एक विद्याच आहे.

समजा, पहिल्या फटीच्या कडेवर धुळीचा एक कण बसला. तो कण फटीबरोबर जागच्या जागी असतो आणि सूर्याची प्रतिमा त्याच्यावरून सरकत जाते. साहजिकच चित्रभर, बिंबाच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत, एक बारीक सरळ रेघ ओढली जाते. ती फटीला काटकोनात असते, म्हणून तिचे मूळ लगेच कळते. याउलट, प्रतिमा सरकवणारी गती क्षणभर अडखळली, किंवा एखादा विरळ ढग सूर्यावरून गेला, तर तेवढ्या वेळात उमटलेला भाग उजळ किंवा काळसर होतो आणि फटीला समांतर असा पट्टा दिसतो. एकाच चित्रावरील उभी रेघ आणि आडवा पट्टा अशा रीतीने दोन भिन्न अपराध्यांची नावे सांगतात. प्रतिमेची व पट्टीची गती तंतोतंत जुळली नाही तर बिंब लंबगोल होते. आणि सर्वांत फसवी खोड ही, की दुसरी फट रेषेच्या मध्यापासून केसभर बाजूला सरकली तर चित्र बिघडलेले दिसतच नाही. ते रेखीव, स्वच्छ, पण सूर्याच्या निराळ्याच, अधिक खोल थराचे असते. डोळ्याला न दिसणारा हा दोष शोधण्यास वर्णपटावरच नजर ठेवावी लागते.

या यंत्रात सूर्यप्रकाश आणून सोडणारा आरसा फूको पद्धतीचा, ४६ सेंटिमीटर व्यासाचा, सायडरोस्टॅट या नावाने ओळखला जाणारा. एकच आरसा फिरवून सूर्याचा किरण आडवा एका दिशेला स्थिर ठेवण्याची ही युक्ती मोठी सोयीची. भिंग मग हलवावेच लागत नाही. परंतु तिच्यात एक अंगभूत उणीव आहे: प्रतिमा जागची हलली नाही तरी स्वतःभोवती हळूहळू फिरत राहते. सकाळी आठला घेतलेल्या चित्रात सूर्याचा उत्तर ध्रुव जेथे असेल तेथे तो दहाला घेतलेल्या चित्रात नसतो. म्हणून प्रत्येक चित्रासाठी वेळ अचूक नोंदवून दिशा गणिताने काढावी लागते. वेळ चुकीची लिहिली गेली तर सूर्यावरील डागांचे रेखांश व अक्षांश चुकतात, आणि पुढे कोणी त्या चुकीच्या आकड्यांवरून सूर्याच्या भ्रमणाचा सिद्धांत मांडला तर त्याचा दोष त्या दिवशीच्या वहीकडे जातो. १८९५ मध्ये लिपमन यांनी सुचवलेल्या सीलोस्टॅट पद्धतीत दोन आरसे वापरून हे फिरणे टाळता येते, पण तेथे ऋतुमानानुसार दुसऱ्या आरशाची जागा बदलावी लागते आणि एक परावर्तन अधिक होते. निर्दोष मांडणी अशी कोणतीच नाही. कोणता दोष आपल्या कामाला कमी बाधतो, एवढेच निवडायचे असते.

जॉन एव्हरशेड १९०७ च्या जानेवारीत कोडाईकनालला रुजू झाले. स्वतःच्या हातांनी यंत्रे घडवणारा हा मनुष्य. विलायतेत खाजगी वेधशाळा चालवून, नोकरी सांभाळून, त्याने हे कौशल्य कमावले होते. आल्याबरोबर त्यांनी केले ते काम म्हणजे स्पेक्ट्रोहेलिओग्राफच्या खोडी काढून ते नीट चालते करणे. त्यानंतर त्यांनी मोठ्या विस्ताराचा वर्णपट देणारे यंत्र उभारले, आणि १९०९ च्या जानेवारीत सूर्यावरील मोठ्या डागांचे वर्णपट घेतले असता डागावरून जाणाऱ्या रेषा तिरप्या झालेल्या दिसल्या.

या तिरपेपणाचे परिमाण ध्यानात घ्यावे. डागाभोवतीच्या उपच्छायेत वायूची गती सेकंदाला सुमारे दोन किलोमीटर; त्यामुळे रेषेचे स्थलांतर होते ते तिच्या तरंगलांबीच्या दीड लाखाव्या हिश्शाएवढे. एवढा फरक आरशाच्या वेड्यावाकड्या तापण्याने, फट किंचित कललेली असल्याने किंवा काचपट्टीवरील लेप सुकताना आकसल्यानेही होऊ शकतो. तेव्हा हा परिणाम सूर्याचा की दुर्बिणीचा, हा प्रश्न येथे जितका तीव्र होता तितका क्वचितच असेल. आदल्याच वर्षी अमेरिकेतील माउंट विल्सनवर हेल यांनी डागांतील चुंबकीय क्षेत्र शोधून काढले होते आणि डाग म्हणजे सूर्यावरील भोवरे असावेत ही कल्पना सर्वत्र रुजली होती. एव्हरशेड यांचीही अपेक्षा चक्राकार गती दिसण्याची होती. तसे दिसले नाही. फट बिंबाच्या त्रिज्येच्या दिशेने डागावर धरली की रेषा झुकत, आणि त्रिज्येला काटकोनात धरली की सरळ राहत. डाग बिंबाच्या मध्याशी असला तर झुकाव नाहीसा होई. काठाकडे गेला की वाढे. आणि डाग पूर्वेच्या काठाशी असो वा पश्चिमेच्या, काठाकडील उपच्छायेत रेषा तांबड्या बाजूलाच सरकत. यंत्राचा दोष डाग कोठे आहे हे पाहून आपली वागणूक बदलत नाही. म्हणून वायू डागाच्या मध्यापासून बाहेर, पृष्ठभागाला समांतर वाहतो, हा निष्कर्ष निर्विवाद ठरला आणि त्याला एव्हरशेड परिणाम हे नाव जगाने दिले. भारतभूमीवर लागलेल्या सूर्यविषयक शोधांत याला मी अग्रस्थान देतो. आणि तो महागड्या यंत्रापेक्षा यंत्राच्या खोडींचे संपूर्ण ज्ञान असल्यामुळे लागला, हे माझे ठाम मत आहे.

याच सुमारास अमेरिकेत हेल यांना दुसऱ्या प्रकारचा अनुभव येत होता. माउंट विल्सनवरील त्यांच्या आडव्या दुर्बिणीत सूर्याचा झोत जमिनीलगतच्या तापल्या हवेतून जाई आणि आरसे उन्हाने आकार बदलत, त्यामुळे नाभी सारखी हलत राही. उपाय म्हणून त्यांनी आरसे मुद्दाम फार जाड करवले आणि ते ६० फूट उंच मनोऱ्यावर नेऊन झोत सरळ खाली सोडला. १९१२ मध्ये १५० फुटी मनोरा उभा राहिला. कोडाईकनालने अर्धशतकानंतर निराळा तोडगा पत्करला. १९६० च्या सुमारास तेथे जी मोठी दुर्बीण चालू झाली तिचे ६० सेंटिमीटरांचे आरसे ११ मीटर उंचीच्या मनोऱ्यावर आहेत, पण प्रकाश पुढे जातो तो ६० मीटर लांबीच्या भुयारातून. ३८ सेंटिमीटरांचे भिंग सुमारे ३६ मीटर अंतरावर सूर्याची ३४ सेंटिमीटर व्यासाची प्रतिमा पाडते. भुयारातील हवा दिवसभर जवळपास एकाच तपमानाची राहते, आणि एवढ्या लांब आडव्या मार्गात तीच मोठी जमेची बाजू ठरते. डॉ. वेणू बाप्पू यांच्या काळात या दुर्बिणीने नाव मिळवले.

हवेच्या बाबतीत एव्हरशेड यांनी आणखी एक गोष्ट करून ठेवली होती, जिचे मोल फार उशिरा कळले. १९१५ मध्ये त्यांनी काश्मीरच्या खोऱ्यात तात्पुरती वेधशाळा मांडली आणि सपाट, पाण्याने वेढलेल्या भूमीवर सूर्याची प्रतिमा डोंगरमाथ्यापेक्षा किती अधिक वेळ स्थिर राहते हे पाहिले. पाणी जमिनीइतके लवकर तापत नाही. त्यामुळे त्यावरील हवेत वर चढणारे झोत निर्माण होत नाहीत. कॅलिफोर्नियातील बिग बेअर सरोवरात १९६९ मध्ये याच तत्त्वावर वेधशाळा झाली, आणि कोडाईकनालमध्ये काम केलेले डॉ. अरविंद भटनागर यांनी १९७५ मध्ये उदयपूरच्या फतेहसागर तलावातील बेटावर आपली वेधशाळा वसवली. तेथे २०१५ पासून ५० सेंटिमीटरांची दुर्बीण चालते, जिच्यात प्रकाशाच्या वाटेत मधोमध आरसा येत नाही. तलावाची वेधशाळा पाण्यावर अवलंबून. दुष्काळाच्या वर्षी फतेहसागर आटला, की बेटाचा गुणही त्याबरोबर ओसरतो. दुष्काळाच्या चिंतेने ज्या देशात सूर्याचे निरीक्षण सुरू झाले तेथे दुष्काळच पुन्हा दुर्बिणीच्या आड यावा, ही वस्तुस्थिती आहे.

पुण्याच्या वेधशाळेचे काय झाले? १९१२ मध्ये नायगमवाला सेवानिवृत्त झाले आणि वेधशाळा त्यांच्याबरोबरच बरखास्त झाली. सारी यंत्रे कोडाईकनालला रवाना करण्यात आली. २० इंची दुर्बीण तेथे भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली गेली, आणि ती पुन्हा उभी राहण्यास पुढे कित्येक दशके लागली. एकाच व्यक्तीच्या आयुष्यावर टेकलेल्या संस्थेचा शेवट असा होतो, आणि तो माझ्या मते महाराष्ट्राच्या विज्ञानेतिहासातील एक मोठे नुकसान आहे, कारण पुण्यात मागे राहिली असती तर ती दुर्बीण हाताळून, तिच्या खोडी शिकून, विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्या तयार झाल्या असत्या.

कोडाईकनालच्या शंभर वर्षांहून अधिक काळातील काचपट्ट्या आता संगणकात उतरवण्यात आल्या आहेत, आणि आपल्या विद्यापीठांतील तरुणांना त्या घरबसल्या अभ्यासता येतात. त्यांना माझी एक विनंती आहे. या चित्रांवरील सरळ रेघा, आडवे पट्टे आणि फिसकटलेले काठ संगणकाच्या एका हुकुमासरशी पुसून टाकण्याचा मोह होईल. तो आवरावा, आणि पुसण्यापूर्वी त्या दिवसाच्या नोंदी काढून पाहाव्यात. त्या वर्षी भिंग कोणते होते, कारण साध्या प्रकाशातील चित्रांसाठी १० सेंटिमीटरांचे भिंग जाऊन १९१८ पासून १५ सेंटिमीटरांचे आले. वेळ कोणती नोंदली आहे. प्रतिमेला पाचापैकी किती गुण दिले आहेत. फट तेव्हा कोठे धरली होती. हे सारे लिहून ठेवणाऱ्यांनी आपले काम चोख केले आहे. ते वाचण्याचे काम आता तुमचे आहे.